घाट, गाडी आणि चाळीस हजार रुपये: कशावर घालू?

पोवईनाका | ४ मे, रात्री १०.१२

मंडळी, प्रश्न साधा आहे, पण घरात त्यावरून दोन दिवस धुसफूस चालू आहे, म्हणून इथे टाकतोय.

गेल्या महिन्यात जुनी स्विफ्ट घेतली. २०१५ ची, पेट्रोल, व्हीएक्सआय, पांढरी, पहिला मालक ओळखीतला. गाडी घेऊन चाळीस हजार हातात उरलेत. माझ्या डोक्यात अलॉय व्हील, मागे स्पॉयलर आणि टपाला काळी फिल्म. पांढऱ्या गाडीला काळं टप काय दिसतं राव! बायकोचं म्हणणं, याच पैशांत परत एकदा ड्रायव्हिंग शिकून ये.

तिच्या म्हणण्याला कारण घडलं. परवा पाचगणीहून उतरत होतो. पसरणी घाटात निम्म्यावर आल्यावर जळका वास यायला लागला. पुढे पुण्याची गाडी होती, तिला मी वाईपर्यंत नावं ठेवत आलो. 'बघ, लायनर जाळतायत, घाट उतरता येत नाही आणि महाबळेश्वरला येतात.' वाईत गणपती घाटाजवळ गाडी लावली, खाली उतरलो, तर वास आमच्याच पुढच्या चाकांचा. बारीक धूरसुद्धा. बायको काहीच बोलली नाही. तेच जास्त लागलं.

तर: ब्रेक खराब आहेत की मी? आणि चाळीस हजार कशावर घालू?

माजी वडापवाला | ४ मे, रात्री १०.२५

कुठल्या गेअरला उतरलात?

पोवईनाका | ४ मे, रात्री १०.२७

चौथ्या. वळणाला तिसरा.

प्रेक्षक | ४ मे, रात्री १०.२८

चौथ्या!! शेंगदाणे भाजायला ठेवले आहेत. येऊ द्या.

माजी वडापवाला | ४ मे, रात्री ११.०५

मग ब्रेकला कशाला बोल लावता. ज्या गेअरला घाट चढतो त्याच गेअरला उतरायचा. पसरणी चढताना तुमची गाडी दुसऱ्या-तिसऱ्याला येते ना? उतरताना पण तेच. गाडी इंजिनानं धरायची, ब्रेक फक्त वळणाच्या अगोदर, दाबायचा आणि सोडायचा. पाय ठेवून उतरलं की पॅड तापतात, तापले की धरत नाहीत, आणि लईच तापले तर ब्रेक ऑइलला उकळी फुटते. मग पेडल असं खाली जातं जसं काय खाली काही नाहीच.

मी बारा वर्षं वडापची, म्हणजे पॅसेंजर भरून न्यायची, जीप मारली. सातारा-मेढा, पुढं केळघर. कमांडर होती. पहिला गेअर चालत्या गाडीत डबल क्लच मारल्याशिवाय पडायचाच नाही. माझा वस्ताद शिकवताना शेजारी बसायचा नाही, मागं बायाबापड्यांच्यात बसायचा. म्हणायचा, शिकवायचं काम मागची माणसं करतील. एक म्हातारी बाजाराच्या दिवशी असायची, मांडीवर अंड्यांची पाटी. गेअर धक्क्यानं पडला की तिच्या तोंडातनं शिवी बाहेर. मला काय चुकलं ते कळायच्या आत शिवी कानावर. दोनेक महिन्यांनी एक दिवस म्हातारी केळघरापासनं गप्प. आरशात बघितलं तर झोपलेली. वस्ताद म्हणाला, झालं, आता लायसन काढ.

प्रेक्षक | ४ मे, रात्री ११.०९

काका, दंडवत. पण म्हणजे दोन महिने बिगर लायसनची जीप?

माजी वडापवाला | ४ मे, रात्री ११.१५

१९९४ सालची गोष्ट आहे. सोडा की.

डबल बेल | ५ मे, सकाळी ६.४०

आणि त्या जीपमध्ये माणसं किती असायची तेही सांगा. एकतीस वर्षं यष्टी चालवली, स्टँडबाहेर आमच्या नाकासमोरून पॅसेंजर पळवायचे हे लोक.

बाकी गेअरचं म्हणणं बरोबर आहे. वडापवाल्याशी सहमत व्हायची ही पहिलीच वेळ, तारीख लिहून ठेवतो.

माजी वडापवाला | ५ मे, सकाळी ७.०२

साहेब, तुमची यष्टी वेळेवर आली असती तर आम्हाला पॅसेंजर कुठनं मिळाले असते. माणसं मोजत नव्हतो, हात हलवायला जागा नसायची.

टॉर्क रेंच | ५ मे, सकाळी ९.३०

धागाकर्ते, अलॉयच्या आधी एक काम करा. टायरच्या बाजूच्या भिंतीवर एका लंबगोल चौकटीत चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. चारही टायरचे वाचून इथे टाका. दुसरं, चावी फिरवल्यावर डॅशबोर्डवर एबीएसचा (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) पिवळा दिवा लागून विझतो का तेही बघा. तुमच्या सालच्या काही मॉडेलला एबीएस नव्हतं, ते सगळ्या नव्या गाड्यांना सक्तीचं झालं एप्रिल २०१९ पासून.

कराड_पन्नास | ५ मे, सकाळी १०.११

आले, सगळे म्हातारे आले. भावाने विचारलं अलॉय कुठले घेऊ, आणि इथे प्रवचन सुरू.

भावा, काळं टप कर, डोळे झाकून कर. माझी पण पांढरीच होती. चांगली फिल्म लाव, स्वस्तातली दोन उन्हाळ्यांत पापडासारखी उचलते आणि काढताना गोंद राहतो. स्पॉयलर मात्र मूळ कंपनीचा मिळाला तर घे, नाहीतर छिद्रं पाडून बसवतात आणि पावसाळ्यात डिकीत पाणी.

टॉर्क रेंच | ५ मे, सकाळी १०.२४

स्पॉयलर दिसायला घ्यायचा असेल तर खुशाल घ्या, तसं म्हणून घ्या. त्याने गाडी रस्त्याला चिकटते वगैरे समजू नका. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गात वाढतो, म्हणजे वेग निम्मा केला की जोर पाव होतो. पोवई नाक्यावरून तीसच्या वेगाने जाताना स्पॉयलरवर पडणारं सगळ्यात मोठं वजन म्हणजे कावळा.

पोवईनाका | ५ मे, दुपारी १.४८

ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत पार्किंगमध्ये उकिडवा बसून वाचले. वॉचमन बघत होता. पुढचे दोन १८१७, मागचे दोन १७१७. एबीएसचा दिवा नाही. काय समजायचं?

टॉर्क रेंच | ५ मे, दुपारी २.१५

समजायचं असं, की टायर २०१७ सालच्या अठराव्या आणि सतराव्या आठवड्यातले आहेत. नक्षी शिल्लक असली तरी रबर कडक झालेलं असणार. ओल्या रस्त्यावर कळेल, पण तेव्हा कळून उपयोग नाही. चाळीसमधले पहिले पैसे तिथे जातात. दुसरं, तुमच्या गाडीला एबीएस नाही.

सांगलीची हळद | ५ मे, दुपारी ३.३०

आमच्या सांगलीत घाटच नाही, त्यामुळे ब्रेक जळायचा प्रश्न नाही. पण कामाला रत्नागिरीला जाताना आंबा घाट लागतो. मी तर उताराला न्यूट्रल करतो, पेट्रोल वाचतंय.

माजी वडापवाला | ५ मे, दुपारी ३.३४

देवा.

टॉर्क रेंच | ५ मे, दुपारी ४.०२

हळदराव, हात जोडून विनंती, हे करू नका. आणि पेट्रोलही वाचत नाही. इंजेक्शनच्या गाडीत गेअरमध्ये उतरताना अॅक्सिलरेटर सोडला की चाकंच इंजिन फिरवतात, आणि कॉम्प्युटर पेट्रोल बंद करतो. न्यूट्रलला मात्र इंजिन चालू ठेवायला थोडं थोडं पेट्रोल जात राहतं. कार्ब्युरेटरच्या जमान्यातला सल्ला आहे तो, वडिलांकडून आला असेल.

आणि कोणी पेट्रोल वाचवायला उताराला चावीच बंद करत असेल तर त्याहून वाईट. ब्रेकला मदत करणारा व्हॅक्युम दोन-चार वेळा पेडल दाबलं की संपतो, मग पेडल दगडासारखं होतं.

सांगलीची हळद | ५ मे, दुपारी ४.१०

वडिलांकडूनच आला. त्यांची फियाट होती. ठीक आहे, मान्य.

पण मग मला सांगा, आमच्याकडचं दुखणं वेगळं आहे. गाळप हंगामात रात्री आठनंतर रस्त्यावर निघायची भीती वाटते. उसाची ट्रॉली, एकामागे दुसरी जोडलेली, मागे एक दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर. आणि समोरून येणारा पांढराशुभ्र एलईडी लावून अप्परवर. त्याच्या उजेडात मला ट्रॉली दिसतच नाही. एकदा इस्लामपूरच्या अलीकडे ट्रॉलीच्या मागच्या फळीपासून हाताच्या अंतरावर थांबलोय. बोनेटवर उसाची पाचट पडली होती. त्या नटण्यामुरडण्याच्या लाईटचं काहीतरी करा.

कराड_पन्नास | ५ मे, संध्याकाळी ७.२०

यावर मी कबुली देतो. मी पण लावले होते. हॅलोजनच्या दिव्यात एलईडीचे बल्ब. समोर सगळा उजेडच उजेड, मला वाटलं काय काम झालंय. मग एक दिवस घराच्या भिंतीसमोर गाडी उभी करून डिप्परवर लाईट टाकला. मूळच्या बल्बचा डिप्पर भिंतीवर रेघ मारतो. खाली उजेड, वर अंधार, आणि डावीकडे रेघ थोडी वर चढते, म्हणजे आपल्या बाजूची पाटी आणि चालणारा माणूस दिसावा म्हणून. माझ्या एलईडीला रेघच नव्हती. सगळ्या भिंतीवर शिंपडल्यासारखं, शेजाऱ्याच्या गॅलरीपर्यंत. शेजारी म्हणाला, लग्न आहे काय.

काढले. दिव्याची वाटी ज्या बल्बसाठी घडवली तोच बल्ब तिथे घालायचा. जास्त उजेड पाहिजे असेल तर आधी पिवळी पडलेली काच पॉलिश करून घ्या, निम्मा फरक तिथे पडतो. वायरिंग जुनं असेल तर रिले टाकून घ्या. शंभर वॅटचे बल्ब घालू नका, होल्डर वितळतो.

डबल बेल | ५ मे, संध्याकाळी ७.५५

या पोराबद्दल माझं मत बदललं.

लाईटचा विषय निघालाच आहे तर: खंबाटकीच्या जुन्या बोगद्यात शिरल्यावर चारही इंडिकेटर चालू करणारी मंडळी इथे असतील तर हात वर करा. ती खूण थांबलेल्या गाडीची. चालत्या गाडीने ती लावली तर तुम्ही थांबलाय, चाललाय की लेन बदलताय हे मागच्याला कसं कळणार? बोगद्यातून पुण्याकडे बाहेर पडल्यावर उतार आणि पुढे ते एस वळण. तिथे किती जणांची गाडी आडवी झालेली बघितली, मोजत नाही. सरळ रस्त्याचा वेग डोळ्यात बसलेला असतो, वळण आल्यावर पाय ब्रेकवर आणि हात स्टेअरिंगवर एकाच वेळी.

बाईंची वॅगनआर | ५ मे, रात्री ९.३१

मी जावळीत शिक्षिका आहे, साताऱ्याहून रोज जाऊन-येऊन करते, सातवं वर्ष. इथे सगळे इंजिन-टायरवर बोलताहेत, म्हणून मी तीनशे रुपयांच्या वस्तूबद्दल सांगते.

भावाने हौसेने स्टेअरिंगला कव्हर आणलं होतं, काळं-लाल, मऊ, दिसायला छानच. जुलैमध्ये केळघर घाटात एका वळणाला समोरून ट्रक आला. मी जोरात डावीकडे घेतलं. स्टेअरिंग फिरलं नाही, कव्हर फिरलं. हाताला वळल्यासारखं वाटलं आणि गाडी सरळच. पुढे मोरीचा कठडा होता. दुसऱ्यांदा घट्ट आवळून फिरवलं तेव्हा वळली. घरी येऊन कात्रीने कापून काढलं, टाके घातलेलं नव्हतं, नुसतं रबराच्या कडेवर बसवलेलं होतं.

तेव्हापासून गाडीत काहीही नवीन घालताना बघते, याचा हातापायाशी संबंध येतो का. पायाखाली मॅटवर मॅट नको, अॅक्सिलरेटरच्या मागे अडकते. ड्रायव्हरच्या दाराच्या खणात पाण्याची बाटली नको, घरंगळून ब्रेकखाली जाते. आणि सीटच्या बाजूला एअरबॅग असलेल्या गाडीला वाट्टेल ते सीट कव्हर नको, ती फाटून बाहेर येणार कुठून?

ज्यांना गंमत वाटते त्यांच्यासाठी: गाडी शिकताना मला सगळ्यात जास्त सल्ले, ज्यांच्याकडे गाडी नव्हती त्यांनी दिले.

प्रेक्षक | ५ मे, रात्री ९.३५

'स्टेअरिंग फिरलं नाही, कव्हर फिरलं.' बाई, अंगावर काटा आला. आमच्या गाडीला आहे तसलंच. उद्या कात्री.

काळी काच | ५ मे, रात्री १०.४०

सगळे घाबरवताय पोराला. हौस म्हणून काही असतं की नाही? काचेला फिल्म, मोठा सायलेन्सर, नंबर प्लेटवर ४१४१ चं 'दादा'. साताऱ्यात एवढं तर पाहिजेच. दिवा घ्या (म्हणजे हलकंच घ्या).

डबल बेल | ५ मे, रात्री १०.५२

दिवा घेतला. पण त्या सायलेन्सरवाल्याने रात्री पोवई नाक्याखालच्या ग्रेड सेपरेटरमध्ये फटाके वाजवले की वर राहणाऱ्यांनी काय घ्यायचं?

टॉर्क रेंच | ५ मे, रात्री ११.२०

हौसेला किंमत असते, ती सांगून ठेवतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की आरसी बुकात लिहिलेल्या मूळ माहितीत फरक पडेल असा बदल करायचा नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलाला मालकाला दर बदलामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पूर्ण गाडीचा रंग बदलला तर आरटीओत नोंद लागते. काळ्या फिल्मवर सुप्रीम कोर्टाने २०१२ मध्येच बोट ठेवलं. पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचेतून ५० टक्के प्रकाश आत आला पाहिजे. पुढे लावायचे लोखंडी गार्ड २०१७ पासून बंद, कारण धडक बंपरऐवजी सरळ चॅसिसवर जाते आणि एअरबॅगचं गणित चुकतं. 'दादा', 'राम', 'बॉस' या पाट्या तर एचएसआरपी, म्हणजे सरकारी ठशाची सुरक्षा नंबर प्लेट, आल्यावर संपल्याच.

आणि विम्याच्या फॉर्मवर अॅक्सेसरी लिहिलेल्या नसतील तर क्लेमच्या वेळी त्या नव्हत्याच असं धरतात. माझ्या चुलतभावाचे अलॉय असेच हवेत गेले.

काळी काच | ५ मे, रात्री ११.२४

~~प्रतिसाद~~ प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

माणदेशी | ६ मे, सकाळी ७.१५

चर्चा वाचली. आमच्याकडे एक म्हण नाही, पण असायला पाहिजे: झूल घातली म्हणून बैल जास्त नांगरत नाही.

बेंदराला शिंगांना हिंगूळ लावतो, बेगड चिकटवतो, गोंडे बांधतो, गावातनं मिरवतो. दुसऱ्या दिवशी बैल तोच आणि शेत तेच. गाडीचं वेगळं काय?

कराड_पन्नास | ६ मे, सकाळी ९.०३

माणदेशी दादा, तुमच्याच उदाहरणावर बोलतो. बेंदराच्या आदल्या दिवशी खांदेमळणी करता ना? खांद्याला तूप-हळद चोळता. तेव्हाच कळतं ना, जू कुठं घासलंय, कातडं कुठं सोललंय? मिरवणुकीसाठी हात लावला म्हणून जखम दिसली.

माझं तसंच आहे. मला लोक हसतात, रविवारी तीन तास गाडी घासत बसतो म्हणून. मागच्या दिवाळीत अलॉयच्या आतल्या बाजूने ब्रश घालून साफ करत होतो. टायरच्या आतल्या भिंतीला हाताला फुगा लागला. लिंबाएवढा. बाहेरून दिसतच नव्हता. दुसऱ्या दिवशी मुंबईला निघणार होतो, घरचे सगळे. स्टेपनी लावून टायरवाल्याकडे गेलो, तो म्हणाला, शंभरच्या वेगाला उघडला असता.

इथे ज्यांना सजवण्याचं हसू येतं त्यांनी सांगा, शेवटचं कधी चाकाच्या आत हात घातला होता?

माणदेशी | ६ मे, सकाळी ९.४०

खांदेमळणीचं बरोबर धरलंस. गप्प बसतो.

प्रेक्षक | ६ मे, सकाळी ९.४४

पन्नासने सामना फिरवला. मी चपला घालून गाडीखाली बघायला चाललो.

पोवईनाका | ६ मे, दुपारी १२.०५

आता माझा गोंधळ वाढला. टायर घ्यायचेच आहेत तर मोठे घेऊ का? टायरवाला म्हणतोय, पंधराच्या रिमवर २०५/६५ घाला, गाडी भरदार दिसते.

टॉर्क रेंच | ६ मे, दुपारी १२.४०

भरदार दिसेल आणि मीटर खोटं बोलेल. हिशोब करू. तुमचं मूळचं माप १६५/८० आर १४. रुंदी १६५, भिंतीची उंची तिच्या ८० टक्के म्हणजे १३२ मिलिमीटर, ती वर-खाली दोनदा, अधिक १४ इंचाचं रिम ३५५.६. एकूण व्यास जवळपास ६२० मिलिमीटर. २०५/६५ आर १५ चा येतो साधारण ६४७. म्हणजे साडेचार टक्के मोठा. किलोमीटर कमी मोजले जातील, आणि मूळ टायरवर मीटर जिथे ८० दाखवायचं तिथे आता गाडी ८३-८४ ने पळत असेल. शिवाय पूर्ण वळवल्यावर मडगार्डच्या आत घासायची शक्यता, आणि पिकअपला जड.

पंधराचं रिम घ्यायचंच तर १८५/६५ आर १५ घ्या. व्यास ६२१. तुमच्याच मॉडेलच्या वरच्या प्रकाराला कंपनी तेच देत होती. नाहीतर चौदाचंच ठेवा, उंच भिंतीचा टायर आपल्या खड्ड्यांना बरा.

माजी वडापवाला | ६ मे, दुपारी १.१०

एक राहिलं. एबीएस नाही म्हणता, तर ओल्या रस्त्यावर ब्रेक पंप करायला शिका. दाब-सोड, दाब-सोड.

डबल बेल | ६ मे, दुपारी १.२२

पंप कशाला करायचा? आमच्या एअर ब्रेकला पंप करत बसलं तर टाकीतला दाब उतरतो. एकदा दाबायचा, अंदाजाने दाबायचा.

माजी वडापवाला | ६ मे, दुपारी १.२५

साहेब, त्यांची स्विफ्ट आहे. पन्नास सीटची नाही.

टॉर्क रेंच | ६ मे, दुपारी २.००

दोघंही आपापल्या गाडीपुरते बरोबर. एबीएस असलेल्या गाडीत पंप करायचा नाही. पूर्ण जोरात दाबून ठेवायचा, पेडल पायाखाली थरथरलं तरी सोडायचा नाही आणि स्टेअरिंगने चुकवायचं. दाब-सोडचं काम गाडी सेकंदात कितीतरी वेळा स्वतः करते, माणसाच्या पायाला ते जमणार नाही. धागाकर्त्याच्या गाडीत मात्र काकांचं खरं. चाकं लॉक झाली की स्टेअरिंग फिरवून उपयोग नसतो, गाडी ज्या दिशेला घसरतेय तिकडेच जाते. चाक फिरतं ठेवण्यापुरता पाय उचलायचा, परत दाबायचा.

संपादक | ६ मे, दुपारी २.३०

यष्टी विरुद्ध वडाप हा वाद स्वतंत्र धाग्यावर न्यावा, ही नम्र विनंती.

प्रेक्षक | ६ मे, दुपारी २.३१

नको हो, इथेच बरा चाललाय.

बाईंची वॅगनआर | ६ मे, रात्री ८.५०

पोवईनाका, बायकोला चालवता येते का? येत असेल तर घाट तिला उतरवू द्या एकदा, तुम्ही बाजूला बसा. बाजूला बसलं की ब्रेकवर पाय किती वेळ असतो ते कळतं. आपला पाय आपल्याला दिसत नाही.

पोवईनाका | २७ जून, रात्री ९.१५

धागा वर काढतोय. हिशोब द्यायचा राहिला होता.

गॅरेजमध्ये चाकं काढली तर पुढच्या डिस्क निळसर पडलेल्या. मिस्त्रीने बोट फिरवून दाखवलं, 'भाजल्यात.' पॅड गुळगुळीत, काचेसारखे. डिस्क, पॅड, मागच्या ड्रममधले लायनर, ब्रेक ऑइल मिळून नऊ हजार. चार टायर, मूळच्याच मापाचे, अठरा हजार. अलाइनमेंट-बॅलन्सिंग हजार. राहिले बारा. त्यातून टपाची काळी फिल्म झाली, पन्नासने सांगितलेल्या माणसाकडे. पंधरवडा झाला, पावसात पापड अजून तरी झालेला नाही. उरलेले पैसे बायकोने मागितले, दिले.

वडापकाका राजवाड्यावर भेटले, त्यांना घेऊन गेल्या रविवारी पाचगणी केली. काका पुढे बसेनात. मागे बसले, हातात पेढ्यांचा बॉक्स. बायको माझ्या शेजारी. मागच्या वेळी ती दाराच्या वरचा दांडा धरून बसली होती. या वेळी घाटाच्या सुरुवातीला तिच्या आईचा फोन आला. दुसऱ्या गेअरला उतरलो, गाडी तीसच्या पुढे जाईना, मागून एक इनोव्हा हॉर्न मारत होती, तिला जागा बघून पुढे काढलं. घाट संपला तरी फोन चालूच होता, विषय लोणच्याचा.

वाईत उतरून चाकाजवळ हात नेला. कोमट.

माजी वडापवाला | २७ जून, रात्री ९.४०

चांगली चालवली. दोन चुका सांगतो. तिसऱ्या वळणाला गेअर वळणात बदललात, तो वळणाच्या अगोदर बदलायचा. आणि खालून यष्टी चढत होती तेव्हा तुम्ही थांबायला उशीर केला. चढणाऱ्याला आधी वाट, हा नियमच आहे, त्याला परत उचलायला त्रास होतो.

डबल बेल | २७ जून, रात्री ९.४८

वडापवाला यष्टीला वाट द्या म्हणतोय. मी जिवंत आहे ना?

कराड_पन्नास | २७ जून, रात्री ९.५५

टपाचा फोटो टाक. आणि स्पॉयलरचं काय झालं?

पोवईनाका | २७ जून, रात्री १०.०२

फोटो उद्या, आत्ता पाऊस आहे. स्पॉयलरचा विषय घरात अजून काढलेला नाही.

सांगलीची हळद | २८ जून, सकाळी ७.३०

अवांतर: जुने चार टायर टाकून दिलेत का? मळ्यात औषधाच्या टाकीच्या गाड्याला पाहिजे होते. येऊन घेऊन जाईन.

टॉर्क रेंच | २८ जून, सकाळी ७.४१

द्या त्यांना. पण गाडा रस्त्यावर आणणार असाल तर मागे रिफ्लेक्टर लावा.